टोडस्टूल लेदर कोरल मिटून बसलाय, झोआ कोरलपण उघडेनात, मासे मात्र मजेत. काय झालं असेल?

खारट_पुणेकर

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत नुसतं वाचत होते, आज गरज पडली म्हणून विचारतेय. खाऱ्या पाण्याचा रीफ टँक आहे, म्हणजे मासे आणि कोरल एकत्र, ३ फुटी, ९० बाय ४५ बाय ४५ सेंमी, भरून १८० लिटर, दगड-वाळू वजा जाता खरं पाणी दीडशेच्या आसपास धरा. मासे म्हणजे क्लाउनची जोडी आणि एक रॉयल ग्रामा, शिवाय एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी), काही टर्बो स्नेल (गोगलगायी). कोरल सगळे सॉफ्ट, म्हणजे तळहाताएवढा टोडस्टूल लेदर, झोआचे (झोअँथिड) दोन दगड आणि मागच्या बाजूला जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप).

तर लेदरने आधी पॉलिप, म्हणजे फुलासारखी बारीक तोंडं, आत घेतले, मग वरून मेण लावल्यासारखा चकचकीत झाला, आता टोपीच्या कडा खाली वळल्यात आणि एका बाजूला कललाय. आधीही असं व्हायचं पण आठवड्याभरात परत फुलायचा, या वेळी फारच लांबलंय. झोआ नुसत्या गाठी होऊन बसलेत. जीएसपी अर्धवट बाहेर, तेही दिवसातून थोडाच वेळ.

टेस्ट केल्या त्या अशा. सॅलिनिटी म्हणजे खारटपणा १.०२५ (रिफ्रॅक्टोमीटरने, ३५ पीपीटीच्या लिक्विडने कॅलिब्रेट करून), तापमान सकाळी २६ संध्याकाळी २८, केएच (अल्कलिनिटी) ८.३, नायट्रेट १० च्या आसपास, फॉस्फेट ०.०५, अमोनिया नाही. म्हणजे पेपरात पैकीच्या पैकी आणि पोरगं आजारी अशी गत आहे.

उन्हाळा सुरू झाल्यापासून झाकण काढून वर दोन फॅन लावलेत, त्यामुळे पाणी खूप उडतं, रोज चार-पाच लिटर टॉप-अप करावं लागतं. ते घरच्या आरओचंच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ४० येतो. श्रिम्प दगडामागे लपलेला असतो, जेवायलाही येत नाही. दोन स्नेल तळाशी उलटे पडले होते, सरळ केले तर परत तसेच, बहुतेक गरमीने सुस्तावलेत. मासे मात्र एकदम टकाटक, खायला दिलं की उड्या मारतात.

ज्यांच्याकडून कोरल घेतला ते म्हणतात आयोडीन डिप द्या (आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा), ओळखीचा एक जण म्हणतो लाइट वाढवा, दुसरा म्हणतो कमी करा. फोटो टाकलाय, निळ्या लाइटमधला आहे, समजून घ्या.

बुडबुडा

ताई फोटो पांढऱ्या लाइटमधे काढा हो, निळ्यात मेलेलं पण सुंदर दिसतं.

बाकी माझ्या मते उन्हाळाच. आमच्याकडे वाकडला दर एप्रिलमधे हेच नाटक असतं. पण फॅनवर ठेवताय ते बरोबर आहे, चिलरच्या (पाणी थंड करायच्या यंत्राच्या) मागे लगेच लागू नका, ८-१० महिने तो नुसता पडून राहतो. पुण्याचं एक बरं आहे, बाहेर ३८-३९ असतं तेव्हा हवा कोरडी असते, दुपारी आर्द्रता पार २०-२५ टक्क्यांवर येते, त्यामुळे पाणी उडतं आणि उडताना टँकची उष्णता घेऊन जातं. ढोबळ हिशोब करा, १ लिटर पाणी उडालं की १८० लिटरचा टँक तीन-साडेतीन डिग्रीने थंड व्हायला हवा, अर्थात खोलीतून उष्णता परत आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात तेवढा दिसत नाही. मुंबईवाल्यांना हा फॅनचा उपाय एवढा जमत नाही कारण तिकडे हवाच ओली. आणि आपल्याकडे पावसाळ्यात फॅन चालेनासा होतो तेव्हा मुळात गरमीच नसते.

फक्त टॉप-अप दिवसाआड करत असाल तर तिथे घोळ होतो. दीडशेतले १० लिटर उडाले तर सॅलिनिटी ३५ वरून साडेसदतीसला जाते आणि मग तुम्ही १० लिटर गोडं पाणी एकदम ओतता, लेदरला असले झोके आवडत नाहीत. ऑटो टॉप-अप बसवा, फ्लोट स्विचवालं साधं पण चालेल. गुरुवारी लाइट जाते तेव्हा काय करता? फॅन इन्व्हर्टरवर आहेत का?

खारट_पुणेकर

फॅन आणि एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) इन्व्हर्टरवर आहेत. टॉप-अप रोज करते, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं, स्वयंपाकघरातून तांब्याने आणून ओतते. सॅलिनिटी हलत नाहीये.

अनिमोन_आजोबा

२८ डिग्रीला घाबरू नका. लक्षद्वीपला समुद्र एरवीच २८-२९ असतो. तिथे कोरल पांढरे पडतात ते नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एक-दीड डिग्री जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की, १९९८ ला झालं तसं, २०२४ ला झालं तसं. त्यात कोरल आपल्या अंगातली शेवाळं बाहेर टाकतो आणि रंग जातो. तुमच्या लेदरचा रंग गेलाय का? फोटोत तरी तपकिरीच दिसतोय. मग ते ब्लीचिंग नाही.

चकचकीत थर म्हणाल तर सार्कोफायटन, म्हणजे तुमच्या टोडस्टूल लेदरच्या जातीचा तो स्वभावच आहे, वरची कात टाकतो, अंगावर शेवाळ-कचरा बसू नये म्हणून. त्या काळात मेल्यासारखाच दिसतो आणि नवा माणूस घाबरून त्याला इकडून तिकडे हलवतो, त्याने अजून लांबतं. कधी कधी दोन-तीन आठवडेही घेतो. फ्लो थोडा वाढवा म्हणजे ती साल सुटून जाईल, पण वेव्हमेकर थेट तोंडावर नको.

कात टाकतोय की सडतोय हे बघायला हात लावूनच बघावं लागतं. हातमोजा घालून देठ हलकेच दाबा. चांगला असेल तर घट्ट, रबरासारखा लागेल आणि बोट काढलं की परत भरून येईल. सडत असेल तर बोट आत रुतेल, काळपट-तपकिरी चट्टा दिसेल आणि हाताला जो वास येईल तो ओळखायला कुणाला विचारावं लागणार नाही. तसं असेल तर धारदार ब्लेडने चट्ट्याच्या वर, चांगल्या भागातून कापायचा आणि ती टोपी दगडावर ठेवून मच्छरदाणीच्या जाळीने बांधायची. सुपरग्लू लावायला जाऊ नका, अंगच बुळबुळीत असतं, दुसऱ्या दिवशी टोपी टँकभर फिरताना दिसेल.

पण नुसती कात असती तर झोआ आणि जीएसपी कशाला रुसले असते, ते मला पटत नाहीये. लेदर पाण्यात स्वतःची रसायनं सोडतो, शेजाऱ्यांनी जवळ येऊ नये म्हणून, त्याने इतर सॉफ्ट कोरल मिटतात हे खरं आहे. फिल्टरमधे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन चालू आहे का? नसेल तर आजच लावा, बाकी काही कळायच्या आधी.

रीफवेडा

आयोडीन डिप द्या आणि लाइट ३० टक्क्यांवर आणा, चार दिवसात फरक पडतो. नाही सुधारला तर काढून टाका, लेदर काय कुठेही मिळतो. त्याजागी हॅमर लावा, मस्त दिसतो. एक जण देतो, पाहिजे तर मेसेज करा.

शिंपला_३८

रीफवेडा, असल्या ऑफर इथे उघड नका देऊ राव. हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा हे सगळे दगडी सांगाड्याचे कोरल, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, आणि ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वनमधे आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे म्हणजे गॉर्गोनियन हेही तिथेच. समुद्रातून उचललेल्या लाइव्ह रॉकचंही तेच, तो मुळात कोरलचाच सांगाडा. टोडस्टूल आणि झोआ त्या यादीत येत नाहीत म्हणून निदान आपण इथे निवांत बोलतोय. आपल्याकडे मालवणला कोरल आहेत, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, ते तिथेच राहू देत.

आणि डिपचं म्हणाल तर मिटलेल्या लेदरला डिप देऊन काय मिळणार? डिप किड्यांसाठी किंवा जखमेसाठी. झोआवर न्यूडिब्रँक किंवा सनडायल स्नेल, म्हणजे झोआ खाणाऱ्या गोगलगायी, आहेत का ते रात्री लाल टॉर्चने बघा, दिसले तर डिप, नाहीतर उगाच जिवाला त्रास.

निळीमाशी

सगळे कोरलकडेच बघताय, जरा पहिली पोस्ट परत वाचा. स्नेल उलटे पडलेत, श्रिम्प जेवत नाही, सॉफ्ट कोरल मिटलेत, मासे टकाटक. म्हणजे पाठीचा कणा असलेले मजेत आणि नसलेले सगळे आजारी. ही गरमी नाही. गरमीने पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला असता तर आधी मासे धापा टाकत वर आले असते.

ताई, दोन प्रश्न. एक, घरचा आरओ नवीन आहे का? दोन, त्याच्यावर कुठे "कॉपर" असं लिहिलंय का?

आणि टॉप-अपचा तांब्या कसला आहे, स्टीलचा की खरंच तांब्याचा?

खारट_पुणेकर

तांब्या स्टीलचा आहे. पण आरओ... आत्ता जाऊन बघून आले. पाडव्याला सासूबाईंनी जुना देऊन नवीन घेतला, त्याच्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात "अ‍ॅक्टिव्ह कॉपर" लिहिलंय, आत एक वेगळं छोटं कार्ट्रिज आहे. आम्हाला ते आरोग्याला चांगलं म्हणून विकलं होतं. टीडीएस जुन्याचाही चाळीसच यायचा म्हणून मला वेगळं काही वाटलंच नाही.

हे एवढ्याने होऊ शकतं?

निळीमाशी

होऊ शकतं आणि मला जवळपास खात्री आहे. सांगते कसं.

माणसाला तेवढं तांबं काही करत नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मधे, लिटरला ०.०५ मिलिग्रॅम चालतं आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत सूट आहे. आता तुलना करा, मरीन माशांना व्हाइट स्पॉट झाला की क्वारंटाइन टँकमधे साधं आयोनिक कॉपर सोडतात ते ०.१५ ते ०.२ पीपीएमच, आणि त्याच औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की रीफ टँकमधे वापरू नका, कारण त्यात मासा जगतो आणि स्नेल, श्रिम्प, कोरल मरतात. म्हणजे माणसाच्या पाण्यात चालणारं तांबं कोरलच्या पाण्यात विष ठरू शकतं. गंमत म्हणजे श्रिम्पच्या आणि गोगलगायीच्या रक्तात तांबंच असतं, आपल्यात लोह असतं तसं, पण बाहेरून जास्तीचं आलेलं त्यांना झेपत नाही.

आता तुमचे फॅन बघा. पाणी उडतं, तांबं उडत नाही. रोज चार-पाच लिटर म्हणजे महिन्याला सव्वाशे-दीडशे लिटर, म्हणजे जवळपास अख्ख्या टँकएवढं आरओचं पाणी ओतलं गेलं आणि त्यातलं सगळं तांबं आत राहिलं. हिवाळ्यात दिवसाला लिटरभर उडत असतं तर हे कळायला कितीतरी जास्त वेळ लागला असता. म्हणून वाटतं उन्हाळ्याने झालं, पण उन्हाळ्याने फक्त वेग वाढवला.

टीडीएस मीटरचा इथे काही उपयोग नाही. तो एकूण क्षार सांगतो, कुठले ते नाही. ४० मधे ०.१ तांब्याचे असले तर तो ४० च दाखवणार. शिवाय घरच्या आरओत टीडीएस कंट्रोलर असतो, तो मेंब्रेनच्या पाण्यात थोडं नळाचं पाणी मुद्दाम मिसळतो, चव यावी म्हणून. तुमचे चाळीस तिथून येतात.

बुडबुडा

+१, हे मला सुचलंच नव्हतं. मग एसीचं पाणी वापरा की ताई, टीडीएस जवळपास शून्य येतो आणि फुकट. उन्हाळ्यात बादली भरते रात्रीत.

शिंपला_३८

अहो एसीच्या आतली कॉइल कशाची असते? तांब्याची! वर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि वर्षभराची धूळ. फोडणीतून निघून आगीत कशाला.

बुडबुडा

बरोबर आहे, मागे घेतो.

अनिमोन_आजोबा

निळीमाशीबाई, मानलं. माझ्या कार्बनच्या सल्ल्यात एवढीच भर घालतो की कार्बन तांबं थोडंफार ओढतो पण भरवशाचा नाही. पॉली-फिल्टर (पॅड) किंवा क्युप्रिसॉर्ब, म्हणजे तांबं शोषणारं फिल्टरचं साहित्य, मिळालं तर ते लावा, तांब्यासाठी ते बरेच चांगले. पॉली-फिल्टरचा पॅड तांबं धरलं की निळसर होतो, म्हणजे औषध आणि टेस्ट एकातच. घरगुती कॉपर टेस्ट किटच्या नादी फार लागू नका, त्यात रंगाच्या पायऱ्या शून्यानंतर थेट ०.२५ अशा असतात, तुमचा आकडा त्याच्या खालीच असेल तर ती "काही नाही" सांगेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. नक्की आकडा हवा असेल तर लॅबच्या आयसीपी टेस्टला पाण्याचं सँपल पाठवा, पण तोवर थांबू नका.

वॉटर चेंज करा, म्हणजे थोडं पाणी काढून नवं खारं पाणी घाला. एकदम ८० टक्के नको, कोरल आधीच वैतागलेत. एक-दोन दिवसांच्या अंतराने २५-२५ टक्के तीनदा केलंत तर मूळचं ४२ टक्के उरतं, पाचदा केलंत तर २४. अर्थात दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि मग हळूहळू सोडत बसतात, त्यामुळे पॅड महिना-दोन महिने काढू नका. नवीन स्नेल तर एवढ्यात मुळीच आणू नका.

खारट_पुणेकर

अगदी मनापासून आभार सगळ्यांचे. श्रिम्प तसाच आहे, स्नेलमधला एक गेला बहुतेक, वास आला म्हणून काढला. लेदरचं देठ आजोबांनी सांगितलं तसं दाबून बघितलं, घट्ट आहे, एका बाजूला नखाएवढा तपकिरी डाग आहे पण रुतत नाही.

आता अडचण पाण्याची. वॉटर चेंजला चाळीस-चाळीस लिटर शुद्ध पाणी कुठून आणू? बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं का? आणि सासूबाईंना आरओ परत करा म्हणून सांगायची माझी हिंमत नाही.

निळीमाशी

आरओ परत कशाला, त्यांना पिऊ दे ना. आतल्या मेंब्रेनमधून शुद्ध पाण्याची जी बारीक पांढरी नळी निघते ती पुढे कॉपर कार्ट्रिजला जाते. सर्व्हिसवाला आला की त्याला सांगा मेंब्रेननंतर आणि बाकी सगळ्याच्या आधी एक टी जोड आणि छोटा कॉक टाकून द्यायचा. टीडीएस कंट्रोलर कुठे मिसळतो तेही विचारा, टी त्याच्या आधीच हवा. आपलं धरणाचं पाणी मुळातच मऊ, मेंब्रेन धड असेल तर तिथे टीडीएस दहाच्या आत यायला हवा. त्यापुढे उरलेले क्षार ओढणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा जोडलात की शून्य. पिण्याचं पाणी वेगळं, टँकचं वेगळं, घरात शांतता. ज्यांच्याकडे टँकर किंवा बोअरचं पाणी येतं त्यांचं रेझिन मात्र भसाभस संपतं, तो वेगळा धागा होईल.

बॅटरीचं पाणी अडीअडचणीला चालतं, पण प्रत्येक कॅन उघडून टीडीएस बघायचा. चांगलं असेल तर ० ते २ येतो. कधी कधी त्या नावाखाली काहीही भरलेलं असतं, माझ्याकडे एका कॅनला ६० आला होता.

शिंपला_३८

मी कोथरूडलाच आहे, माझ्याकडे चार स्टेजचं आरओडीआय (आरओ आणि डीआय एकत्र) आहे आणि रविवारी ते चालूच असतं. पहिल्या दोन वॉटर चेंजचं पाणी माझ्याकडून घेऊन जा. मीठ तुमचं, कॅन तुमचे, फक्त आधी कशाचे होते ते बघून आणा, फिनाइलचे नकोत.

रीफवेडा

पॉली-फिल्टर मुंबईहून मागवता येईल बहुतेक, विचारून सांगतो. आणि हॅमरची गोष्ट सोडा, मी आपलं सहज म्हणलं होतं.

खारट_पुणेकर

चालेल, रविवारी येते. रीफवेडा, पॅडचं नक्की कळवा.

एक शेवटचं. झोआच्या एका दगडावर चार-पाच पॉलिप वितळल्यासारखे झालेत, वर तपकिरी चिकट थर जमलाय. तो दगड बाहेर काढून ब्रशने घासून, गरम पाण्याने धुऊन परत ठेवू का? निदान बाकीचे तरी वाचतील.

निळीमाशी

नाही! गरम पाणी अजिबात नाही. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, १९७१ मधे हवाईच्या पॅलिथोआतून पहिल्यांदा वेगळं काढलं ते, निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. सगळ्या झोआत असतंच असं नाही, पण बघून ओळखता येत नाही. ते उकळून मरत नाही, उलट वाफेबरोबर नाकात जातं. परदेशात दगड गरम पाण्याने किंवा वाफेने साफ करताना घरातली सगळी माणसं ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन हॉस्पिटलमधे गेल्याच्या नोंदी आहेत, कुत्र्या-मांजरांसकट.

ब्रशपण नको, शिंतोडा डोळ्यात गेला तर तेही वाईट. टँकमधेच राहू दे, ड्रॉपरने त्याच्यावर पाण्याचा हलका झोत मारा, जेवढं सुटेल तेवढं वॉटर चेंजच्या वेळी पाइपने ओढून घ्या. पाइप तोंडाने ओढून सुरू करायची सवय असेल तर ती आज सोडा. नायट्राइलचे मोजे, चष्मा, आणि हाताला जखम असेल तर दुसऱ्याला करू दे. बादली बाल्कनीत घ्या, स्वयंपाकघराच्या सिंकमधे काहीही नको.

अनिमोन_आजोबा

अगदी बरोबर. आणि लेदरवरचा तो डाग रोज बघा, पसरला तरच कापायचं. ब्लेड आणून ठेवा पण हात शिवशिवू देऊ नका.

खारट_पुणेकर

बापरे, विचारलं ते बरं झालं, गीझर लावणारच होते. दगड आहे तिथेच राहू दे. शिंपला, रविवारी सकाळी दहाला २० लिटरचे दोन कॅन घेऊन येते, पत्ता मेसेज करा.